मान्यवरांची रांग

१

झाडांचा पहिला वाढदिवस रविवारी होता आणि शनिवारी सकाळी झाडंच जागेवर नव्हती.

अगदी सगळी गेली होती असं नाही. कॉलनीच्या मागे जो गवताळ उतार आहे, त्यावर ‘हिरवं पथक’ नावाच्या हौशी संस्थेने गेल्या वर्षी वृक्षारोपण केलं होतं. पायवाटेला लागून पहिली रांग मान्यवरांची, आणि तिच्या मागे साध्या स्वयंसेवकांच्या रांगा. मागच्या रांगा पहिल्या उन्हाळ्यातच प्रामाणिकपणे मेल्या होत्या आणि त्यांच्या काटक्या अजून तशाच उभ्या होत्या. गेली होती ती पहिली रांग. हीच रांग वर्षभर टवटवीत होती, हिच्याकडे बोट दाखवून पथकाने पुरस्कार पदरात पाडून घेतले होते आणि हिच्यापुढेच उद्या केक कापायचा होता. झाडांना केक खाता येत नाही ही अडचण कार्यकारिणीच्या ध्यानात आली होती. तो मान्यवरांनी खायचा असं ठरलं होतं.

सकाळी फिरायला आलेल्या मंडळींना ओळीने उघडे खड्डे दिसले आणि शेवटच्या खड्ड्याशी हिरव्या दांड्याची एक कुदळ दिसली. कुदळीच्या लोखंडावर छिन्नीने ठोकलेली फुली होती. ती कुणाची खूण हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, कारण ज्याला कुदळ लागे तो ती गवतमास्तरकडूनच आणत असे.

गवतमास्तर म्हणजे जवळच्या शाळेतला जीवशास्त्राचा शिक्षक. हा उतार उजाड नाही, हे मुळातच गवताचं रान आहे, इथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात, इथे झाडं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपलं कपाट नेऊन ठेवणं आहे, असं तो प्रत्येक सभेत सांगे आणि प्रत्येक सभेत त्याला खाली बसवलं जाई. गेल्या सभेत तो खाली बसला नव्हता. “ही रांग एक दिवस मीच उपटून टाकीन,” असं म्हणून तो दार आपटून निघून गेला होता. एवढं वाक्य ऐकायला मात्र सभागृहातले सगळे जागे होते.

दुपारपर्यंत शाळेतून फोन आला. शाळेच्या संस्थाचालकांचंही झाड त्या रांगेत होतं. उद्याच्या समारंभाआधी हे प्रकरण मिटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, एवढाच निरोप होता. गवतमास्तरला बायको नव्हती, पण कॉलेजात शिकणारी मुलगी होती आणि दुसरं काही करता येण्याजोगं अंगात नव्हतं.

तो तडक मोठ्या बहिणीकडे गेला.

“ताई, मी नाही केलं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तू केलं असतंस तर आधी अर्ज दिला असतास.”

२

या ताईला कॉलनीत विमाबाई म्हणत. उभी हयात तिने विमा कंपनीत नुकसानीची तपासणी केली होती. गोदाम जळालं की मालक रडत असे आणि ही राखेत काठी घालून हिंडत असे. काय जळालं हे मालक सांगतोच. काय जळायला हवं होतं आणि त्याची राखच नाही, हे आपण बघायचं, असा तिचा एकूण रिवाज होता. या धंद्यात माणसावरचा विश्वास उडतो असं म्हणतात. तिचा उडाला नव्हता, तो मुळात फारसा बसलाच नव्हता.

भावाला घेऊन ती उतारावर गेली. गुडघे दुखत असूनही पहिल्याच खड्ड्याशी तिने बैठक मारली आणि आत हात घातला. ही माती पिवळी, चिकण, ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. खड्ड्याची भिंत गुळगुळीत होती. तिच्यावर बारीक सुरकुत्या होत्या आणि बोटाला लागतील असे मातीचे पुटकुळीएवढे उंचवटे, अगदी एका ओळीत. तुटलेलं मूळ एकही नव्हतं. कुदळीचा घावही कुठे नव्हता. आजूबाजूला उकरलेली माती नव्हती, मोडलेली फांदी नव्हती, पडलेलं पान नव्हतं.

“रागाने झाड उपटणारा माणूस ते उचलून घरी नेतो का रे?” तिने विचारलं.

भाऊ म्हणाला की तो तर तिथेच फेकून देईल.

“आणि तुझी कुदळ?”

त्यावर भाऊ चिडला. ती कुदळ पथकाने गेल्या वर्षी वृक्षारोपणासाठी नेली होती. एवढ्या वृक्षप्रेमींत एकाकडेही स्वतःची कुदळ नव्हती. परत मागून मागून तो थकला होता. आणि नेली तेव्हा तिचा दांडा साधा, लाकडी रंगाचा होता.

विमाबाईने दांड्याला नख लावलं. नखाखाली हिरवा रंग आला, अजून मऊ. मग ती मागच्या रांगांतल्या मेलेल्या काटक्यांकडे गेली आणि एक काटकी ओढून बघितली. ती सहज निघेना. मेलेलं असूनही त्या झाडाने मातीत मुळं सोडली होती आणि ती मुळं मातीचं ढेकूळ धरूनच वर आली.

“गंमत आहे,” ती म्हणाली. “इथे मेलेली झाडं जमिनीला धरून आहेत आणि जिवंत होती ती नुसती ठेवलेली होती.”

भावाने त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, अर्थ उद्या, आधी दात दाखवून येऊ.

३

पथकाचे अध्यक्ष दंतवैद्य होते. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत चारही भिंतींवर पथकाचे फोटो होते, म्हणजे दाढ दुखत असलेल्या माणसाला पर्यावरणातून सुटका नव्हती. डॉक्टर अतिशय दुःखात होते. आपण प्रत्येक झाडाची उंची दर महिन्याला स्वतः फितीने मोजत होतो, हे त्यांनी गहिवरून सांगितलं. संस्थाचालकांचं झाड तर हिवाळ्यात आपल्या कमरेपर्यंत आलं होतं आणि पुढच्या महिन्यात गुडघ्यापर्यंत.

“कमी झालं?” विमाबाईने विचारलं.

“झालं ना. मी सभेत जाहीरही केलं. हवामानबदलाचा थेट पुरावा आहे तो. टाळ्या पडल्या होत्या.”

विमाबाईने या माणसाकडे नीट पाहून घेतलं. खोटं बोलणाऱ्याला निदान खोटं काय हे ठाऊक असावं लागतं. मग ती भिंतीकडे वळली. एका फोटोत संस्थाचालक झाडाशी उभे होते आणि झाडाची पानं रुंद, तळहाताएवढी होती. शेजारच्या, अलीकडच्या फोटोत तेच संस्थाचालक, तेच हसू, आणि झाडाला पिसासारखी बारीक पानं. हे झाड कुठलं, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी चष्मा लावला, फोटोजवळ गेले, बराच वेळ बघितलं आणि आपल्या लाडक्या झाडाचं नाव सांगितलं. “वृक्ष,” ते म्हणाले.

पथकाच्या सचिव वकीलबाई होत्या. त्यांच्या ऑफिसात पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार होता आणि तो त्यांना इतका आवडला होता की त्यांनी तो उभं राहून वाचून दाखवला. खड्डे जसेच्या तसे ठेवावेत, त्यातल्या मातीची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असा आग्रह त्यात होता. पण कार्यकारिणीतले तिसरे सभासद, कप्तान, आडवे येत होते, अशी त्यांची तक्रार. पोलीस कशाला, माणूस आपल्याच कॉलनीतला आहे, शाळेला एक पत्र गेलं की पुरे, असं कप्तानांचं म्हणणं. फारच मऊ माणूस, असं वकीलबाई नाक मुरडून म्हणाल्या. त्यांच्या मते मऊपणा हा कायद्याचा शत्रू होता.

बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गुरुवारी कार्यकारिणीच्या बैठकीत ऐन वेळी ठरलं होतं की नुसता केक कापणं बरं दिसत नाही. प्रत्येक मान्यवराने आपल्या झाडाभोवतीची माती स्वतःच्या हाताने उकरावी आणि खत घालावं. कल्पना डॉक्टरांची. बैठकीला डॉक्टर, वकीलबाई आणि कप्तान असे तिघेच होते, आणि उद्याच सगळ्यांना चकित करायचं म्हणून बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

“गवतमास्तरला?”

“त्याला कोण सांगतंय,” वकीलबाई म्हणाल्या.

जिना उतरताना विमाबाई स्वतःशीच हसली. पायऱ्यांवर गुडघ्यांनी कुरकुर केली, पण आज तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

४

कप्तान कधी कशाचे कप्तान होते हे कुणाला माहीत नव्हतं. गळ्यात शिट्टी असली की माणसाला हुद्दा आपोआप चिकटतो. दर रविवारी ते शिट्टीवर झाडांना पाणी घालून घेत आणि शिट्टीवरच थांबवत, भांड्यात पाणी उरलेलं असलं तरी. त्याच दोरीला पथकाच्या सामानाच्या खोलीची किल्ली होती.

ती खोली विमाबाईने बघायला मागितली आणि त्यांनी हसून उघडून दिली. आत फावडी, घमेली, झाऱ्या ओळीत मांडलेल्या. वाढदिवसानिमित्त सगळ्यांचे दांडे हिरवे रंगवलेले, आणि रंगाचा वास अजून घशात बसत होता. पथकाला झाडं हिरवी ठेवता आली नव्हती, हत्यारं मात्र जमली होती.

कप्तान भावाबद्दल अतिशय सहानुभूतीने बोलले. डोकं गरम आहे पण मनाने चांगला आहे, मी तर म्हटलं पोलीस नकोतच, शाळेत समज दिली की झालं. शाळेतली समज म्हणजे नोकरी जाणं, असं विमाबाईने म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि माणसाला दुसरी संधी कुठेही मिळते असं पुटपुटले. मान्यवरांच्या रांगेला पाणी कोण घालत होतं, या प्रश्नावर मात्र त्यांची छाती पुन्हा वर आली. फक्त मीच, ते म्हणाले. त्या रांगेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियमच होता, कारण स्वयंसेवक एक तर बुडवतात नाहीतर विसरतात.

तिथून ती रोपवाटिकेत गेली. रोपवाटिकेचा मालक गप्पिष्ट होता आणि पथकावर खूष होता. एवढं लावणारं आणि पुन्हा पुन्हा नेणारं गिऱ्हाईक दुसरं नाही, असं तो म्हणाला, आणि मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून झारी भरायला गेला. विमाबाई रोपांमधून फिरत राहिली. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत रोपं ओळीने उभी होती. रोपवाटिकेतली माती काळी, भुसभुशीत. प्रत्येक पिशवीला पाणी निथळायला भोकांची एक ओळ पाडलेली होती.

मागच्या बाजूला, जाळीखाली, पिसासारख्या पानांची टवटवीत रोपं एकत्र ठेवली होती. त्यांच्या पिशव्यांना बाहेरून माती लागली होती. तिने ती बोटाने खरवडली.

पिवळी होती.

५

रविवारी सकाळी मान्यवर यायच्या आधी तिने सगळ्यांना उतारावर बोलावलं. डॉक्टर आले, वकीलबाई मसुदा घेऊन आल्या, कप्तान शिट्टी घालून आले. भाऊ लांब उभा होता. त्याने शाळेत घालायचा सदरा घातला होता.

तिने सांगायला सुरुवात केली ती खड्ड्यांपासून. वर्षभर जमिनीत वाढलेलं झाड निघताना भिंती फोडून निघतं. इथल्या भिंती गुळगुळीत आहेत, त्यांच्यावर प्लास्टिकच्या सुरकुत्या उमटल्या आहेत आणि पिशवीच्या भोकांतून दबलेल्या मातीच्या पुटकुळ्या आहेत. म्हणजे ही झाडं कधी लावलीच गेली नव्हती. पिशवीसकट खड्ड्यात उभी केली होती, फुलदाणीत फुलं ठेवावीत तशी. वर माती पसरली की झालं.

पिशवीत कोंडलेलं रोप या उतारावर एक उन्हाळाही काढत नाही. तरी ही रांग वर्षभर हिरवी राहिली, कारण मेलं की तेच भोक आणि नवीन रोप. म्हणून झाड कमरेवरून गुडघ्यावर येतं आणि म्हणूनच त्याची पानंही बदलतात. डॉक्टरांच्या भिंतीवर ते सगळं टांगलेलं आहे. एवढे वृक्षमित्र वर्षभर या रांगेपुढून गेले आणि झाड बदललंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण झाडाकडे बघायची कुणावर वेळच आली नव्हती.

“गुरुवारी ठरलं की मान्यवर माती उकरणार,” ती म्हणाली. “उकरली की पिशवी दिसणार. रांग चोरीला गेली तर सहानुभूती मिळते, पिशवी सापडली तर हसं होतं. हे ठरलेलं तिघांनाच माहीत होतं. माझ्या भावाला नव्हतं.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टर नव्हेत, ती पुढे म्हणाली. लबाडी करणारा माणूस झाड लहान झालं असं सभेत जाहीर करून टाळ्या घेत नाही. वकीलबाईही नव्हेत. ज्याने रोपं उचलली तो खड्ड्यांतली माती तज्ज्ञांना दाखवा म्हणून हट्ट धरणार नाही. राहिला तो एक, ज्याला पोलीस नकोत, ज्याच्याशिवाय त्या रांगेला कुणी हात लावायचा नव्हता, आणि ज्याच्या गळ्यात सामानाच्या खोलीची किल्ली आहे. कुदळ रंगवून त्या खोलीतच वाळत होती. घाईत तिची फुली दिसली, ओला रंग दिसला नाही.

रोपं रोपवाटिकेत जाळीखाली आहेत, असंही तिने सांगितलं. बाहेरून पिवळी माती लागलेली. हवं तर आत्ता जाऊन बघा.

कप्तानांनी शिट्टी तोंडाशी नेली, काही सुचलं नाही म्हणून खाली घेतली, आणि मग बसकणच मारली.

वृक्षारोपणाच्या दिवशी मान्यवरांना घाई होती, त्यांनी सांगितलं. कपड्यांना माती लागू नये म्हणून आधी पिशवीसकट फोटो, नंतर पिशव्या काढून नीट लावू असं ठरलं होतं. तेवढ्यात जेवण तयार असल्याचा निरोप आला. नंतर कुणी तरी लावली असतील असं प्रत्येकाला वाटलं. ती मरायला लागली तेव्हा कप्तानांच्या लक्षात आलं, आणि सांगायची लाज वाटली.

“आधी फोटो असं कोण म्हणालं होतं?” वकीलबाईंनी विचारलं.

“तुम्ही,” कप्तान म्हणाले.

वकीलबाईंनी मसुद्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. डॉक्टर आकाशाकडे बघू लागले, बहुधा हवामानबदल शोधत.

“आणि नोकरी जाणार होती ती कुणाची?” विमाबाईने कप्तानांना विचारलं.

ते म्हणाले की तो म्हणालाच होता उपटीन म्हणून, मग त्याच्यावर ढकललं तर फारसं खोटं नाही असं वाटलं.

राखेत उभं राहून रडणारे पुष्कळ मालक विमाबाईने पाहिले होते. त्यांच्यापुढे ती कधी आवाज चढवत नसे, फक्त दावा फेटाळत असे. संस्थाचालकांना हे सगळं तुम्हीच सांगायचं, माझ्यासमोर, एवढंच तिने कप्तानांना सांगितलं.

६

संस्थाचालक गाडीतून उतरले ते फोटोचा चेहरा करूनच. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. विमाबाई मध्ये उभी राहिली. कप्तानांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, पिशवीपासून कुदळीपर्यंत, आणि गवतमास्तरचा यात काही संबंध नव्हता हेही सांगितलं. भाऊ हात मागे बांधून उभा होता. मागे त्याची बोटं एकमेकांत अडकून पांढरी झाली होती, आणि ती फक्त बहिणीला दिसत होती.

संस्थाचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे माझं झाड दर वेळी नवीन होतं?”

कप्तान हो म्हणाले.

“किती झाली एकूण?”

चार तरी झाली असतील, असं कप्तानांनी सांगितलं.

“इतरांची?”

“इतरांची दोन, कुणाची तीन.”

संस्थाचालकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तसं असेल तर भाषणात चारच म्हणा, ते डॉक्टरांना म्हणाले, उगीच एक कशाला म्हणायचं. मग त्यांना समोर उभा असलेला माणूस दिसला. हा कोण, असं त्यांनी विचारलं. हाच तो शिक्षक, असं विमाबाईने सांगितलं, ज्याला तुम्ही काल काढलंत.

“हो का,” ते म्हणाले. “मग उद्या या शाळेत.”

काल त्याला जसं न बघता काढलं होतं तसंच आज न बघता ठेवलं, आणि ते केककडे वळले. विमाबाईने त्यांना वळू दिलं नाही. हेच शाळेला फोन करून सांगा, आत्ता, मला ऐकू येईल असं, ती म्हणाली. केकवरची मेणबत्ती वितळत होती, त्यामुळे त्यांनी वाद न घालता फोन केला.

टाळ्यांचा आवाज आला तेव्हा बहीणभाऊ रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. भाऊ चांगला सदरा घालून गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी खड्ड्यांत माती लोटत होता. कपडे खराब होतील असं ती म्हणाली नाही. तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून ती पायाने माती सारत राहिली.

“यात आता गवत लावणार का रे तू?” तिने विचारलं.

“लावायचं कशाला, ताई? ते येतं आपलं आपण.” त्याने मातीवर तळवा दाबला. “फक्त या लोकांना कळता कामा नये.”